साहेबाची चेष्टा ओळखायची कशी आणि तिला उत्तर द्यायचं कसं

आपल्या बेळगावात उद्यमबागेत, मच्छे-देसूरला किंवा हत्तरगीच्या बाजूला जी पोरं-पोरी परदेशी गिऱ्हाइकाशी बोलायच्या खुर्चीवर बसतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघते. आमचं एक गिऱ्हाईक इंग्लंडातलं, बर्मिंगहॅमच्या बाजूचं. दुसरं अमेरिकेतलं, विस्कॉन्सिनचं. दोघंही इंग्रजीच बोलतात, दोघंही चेष्टेखोर. पण एकाला चालणारं उत्तर दुसऱ्याला दिलं की काम बिघडलंच म्हणून समजा. इंग्रजी बोलायचे क्लास टिळकवाडीत पावलोपावली आहेत, पण हसायचं कधी आणि गप्प बसायचं कधी, हे तिथं कुणी सांगत नाही.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकते. इंग्रज माणूस विनोद लपवतो, आणि तुम्हाला तो सापडला तरी तुम्हीही तोंड सरळ ठेवावं अशी त्याची इच्छा असते. अमेरिकन माणूस विनोद उघड मांडतो, आणि तुम्ही त्यात भर घालावी अशी त्याची इच्छा असते. पुढचं सगळं यातूनच निघतं.

आधी वाक्याचं वजन बघा

इंग्रजाचं वाक्य ऐकलं की घटना किती मोठी आणि वाक्य किती बारीक, ते बघायचं. घटना हत्तीएवढी आणि वाक्य मुंगीएवढं असेल तर तिथं थांबा.

२४ जून १९८२ ची गोष्ट. ब्रिटिश एअरवेजचं जंबो विमान क्वालालंपूरहून पर्थला चाललं होतं. जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी माइकवरून प्रवाशांना सांगितलं ते साधारण असं: मी कॅप्टन बोलतोय, एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडली आहेत, ती चालू करायची आम्ही पराकाष्ठा करतोय, आपल्याला फारसा त्रास होत नसेल अशी आशा आहे. पुढं इंजिनं चालू झाली आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरलं. त्या वेळी विमानात कुणी हसलं असेल असं मला वाटत नाही. पण इंग्लंडात ही घोषणा आजही कौतुकानं सांगितली जाते, आणि कौतुक असतं ते त्या 'छोटीशी' चं.

हे वजन ओळखता आलं नाही तर काय होतं, त्याचा दाखला लष्करातला आहे. आपल्याकडं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळं नात्यागोत्यात कुणीतरी फौजेतलं असतंच, त्यांना हे लगेच कळेल. एप्रिल १९५१, कोरियातली इम्जिन नदीची लढाई. ब्रिटिश ब्रिगेडवर चिनी फौज लोंढ्यानं आली होती. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरच्या अमेरिकन जनरलला कळवलं की इकडं जरा अवघड होऊन बसलंय. इंग्रजाच्या कानाला याचा अर्थ, आम्ही बुडालो. अमेरिकन जनरलनं घेतलेला अर्थ, ओढाताण आहे पण निभावतंय. असं सांगतात. ग्लॉस्टर बटालियनला वेळेत मागं घेतलं गेलं नाही. तिचे बहुतेक जवान मारले गेले किंवा कैद झाले.

आता आपल्या शेडमध्ये या. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, श्रावणात भिंतीलासुद्धा पाणी सुटतं. अशा हवेत कोअर, म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा, नीट सुकला नाही आणि ब्रॅकेटच्या एका लॉटमध्ये ब्लोहोल (धातूत गॅसमुळं पडणारी भोकं) आले. ते आतल्या आत होते, गिऱ्हाइकानं मशिनिंग केलं तेव्हा उघडे पडले. बर्मिंगहॅमहून मेल आली: 'तुमच्या नव्या ब्रॅकेटमधली वायुवीजनाची सोय बघून आम्हाला किंचित आश्चर्य वाटलं. आमच्या ड्रॉइंगमध्ये ती नव्हती. एवढी कल्पकता आम्हाला झेपेल असं वाटत नाही.'

क्वालिटीत नुकताच लागलेला खानापूरचा एक पोरगा ती मेल घेऊन माझ्याकडं आला. "मॅडम, डिझाईन आवडलंय बघा त्यांना. थँक्यू म्हणून पाठवू की?"

"पाठवू नको रे बाबा. अख्खा लॉट रिजेक्ट केलाय त्यांनी."

"मग तसं लिहायला काय झालं होतं त्यांना?"

"लिहिलंय की. परत वाच."

आम्ही पाठवलेलं उत्तर असं होतं: 'हवेशीर ब्रॅकेट आमच्या खर्चानं परत मागवतो. पुढचे भरीव येतील, भरीवपणाचा जादा आकार लावणार नाही. कारणांचा आणि उपायांचा अहवाल सोबत जोडला आहे.' आणि अहवाल खरोखरच जोडला होता: कोअर सुकवायची वेळ, सँडमधली ओल, कोअरमधून गॅस बाहेर जायची वाट, सगळं आकड्यांसकट. उलट उत्तर एका ओळीचं आलं, भरीव ब्रॅकेट बघण्याची उत्सुकता आहे. म्हणजे मिटलं.

या उत्तरात तीन गोष्टी आहेत. टोमणा कळला, हे न सांगता कळवलं. टोमणा स्वतःवर ओढून घेतला. आणि त्याच्याखाली कामाचं सगळं दिलं. तिसरी गोष्ट नसती तर पहिल्या दोन म्हणजे नुसता आगाऊपणा. इंग्रज गिऱ्हाइकाला चतुर उत्तर चालतं, कामाच्या बदल्यात चतुर उत्तर चालत नाही.

अमेरिकनाचा डबा वेगळा

हाच लॉट विस्कॉन्सिनला गेला असता तर त्याच दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला असता. सुरुवातीची चार मिनिटं त्यांच्या फुटबॉल टीमवर, बर्फावर, त्याच्या कुत्र्यावर. मग आवाज बदलून, ओके, एवढे पीस खराब, अमुक तारखेपर्यंत बदली हवेत, कसं करणार सांगा. आणि शेवटी, तुम्ही लोक ग्रेट आहात. अमेरिकनाची चेष्टा एका डब्यात असते आणि तक्रार दुसऱ्यात. इंग्रजाचं एकाच डब्यात कालवलेलं.

म्हणून अमेरिकनाला ते 'हवेशीर ब्रॅकेट'वालं उत्तर कधी पाठवू नका. त्याला वाटेल तुम्ही प्रकरण हसण्यावारी नेताय. त्याच्याशी तक्रारीचं बोलणं सरळ, आकडे-तारखांचं. चेष्टा करायची तर कॉलच्या सुरुवातीला किंवा काम संपल्यावर.

त्याचा विनोद ओळखायला अक्कल लागत नाही. तो आवाज चढवतो, मध्येच थांबतो, भुवया उडवतो, आणि एवढं करूनही तुम्ही कोरे राहिलात तर 'मस्करी केली हो' म्हणून सांगतो. भाषणाची सुरुवातच विनोदानं करायची ही त्यांची पद्धत आहे. तिथं अवघडून बसू नका. हसा, आणि जमलं तर एक वाक्य परत द्या.

परत द्यायचं म्हणजे कसं? ३० मार्च १९८१ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांना वॉशिंग्टनमध्ये गोळी लागली. हॉस्पिटलात बायकोला म्हणाले, अगं, वाकायला विसरलो. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना म्हणाले, तुम्ही सगळे रिपब्लिकन असाल अशी आशा आहे. यावर सर्जन म्हणाले, मिस्टर प्रेसिडेंट, आज आम्ही सगळेच रिपब्लिकन आहोत. आणि कामाला लागले. रेगन रिपब्लिकन पक्षाचे, आणि स्वतः सर्जन मात्र विरोधी डेमोक्रॅट होते. यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. चेंडू आला, परत टाकला, लांबवला नाही.

मूडी आणि रेगन दोघंही मरणाच्या दारात बोलत होते, म्हणून मी पोरांना हे दोन किस्से जोडीनं सांगते. रेगननी खोलीतल्या लोकांना हसायची परवानगी दिली, धीर दिला. मूडींनी हसायला जागाच ठेवली नाही. ज्याला कळेल त्याला कळेल.

चेष्टा कुणाची चाललीय ते बघा

इंग्रज पहिला वार स्वतःवर करतो. क्रिकेटवाल्यांना पुरावा माहीत असेल. ऑगस्ट १८८२ मध्ये ओव्हलवर इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून हरलं. तेव्हा लंडनच्या स्पोर्टिंग टाइम्सनं इंग्लिश क्रिकेट वारल्याची निधनवार्ता छापली: अंत्यसंस्कार होतील आणि रक्षा ऑस्ट्रेलियाला नेली जाईल. त्या रक्षेसाठी, म्हणजे 'ॲशेस'साठी, दोन देश आजतागायत खेळतायत. आपल्या पराभवाच्या चेष्टेचं यांनी पुढं मानचिन्ह करून ठेवलं. त्यामुळं इंग्रजाशी बोलायला सगळ्यात सुरक्षित विषय म्हणजे आपण हरलेली मॅच. तुमच्या टीमनं त्यांना धुतलं असेल तर तो विषय तुम्ही काढू नका, तोच काढेल.

पण अमेरिकनासमोर स्वतःची अशी चेष्टा जपून. आमच्या शेजारच्या शेडमधल्या एका गृहस्थानं अमेरिकन पाहुण्याला फिरवताना लाडात म्हटलं, "आमचं काय हो, सगळं देवाच्या भरवशावर चालतंय." पुढच्या आठवड्यात प्रोसेस कंट्रोलच्या ऑडिटची नोटीस आली. अमेरिकनाला तुम्ही स्वतःबद्दल जे सांगता ते खरं वाटतं. त्याला सांगा, हे आम्हाला जमतं, हे असं जमतं, हा पुरावा. इंग्रजाला मात्र 'आम्ही भारतात नंबर वन' असलं काही सांगायला जाऊ नका. तो मान डोलावेल, 'अरे वा' म्हणेल, आणि संध्याकाळी हॉटेलात त्याचे सहकारी त्यावर पोट धरून हसतील.

तो तुमची चेष्टा करू लागला तर? घाबरू नका, तुम्ही आत आलात. हे बेळगावकरांना शिकवायला नकोच. पुलं एके काळी इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि त्यांचे रावसाहेब आपल्या गावचेच. जितकी शिवी इरसाल तितकी माया जास्त. इंग्रजाकडं शिवी कमी, टोमणा जास्त, एवढाच फरक. त्यानं चेष्टा थांबवली आणि 'आपल्या सहकार्याबद्दल अत्यंत आभारी आहोत' छापाचं लिहायला लागला, तर मात्र समजा की दुसऱ्या कुणाकडून कोटेशन मागवलंय.

स्तुतीचंही तसंच. दोघेही पाहुणे वेगवेगळ्या वेळी येऊन गेले, दोघांनाही कुंदा दिला. अमेरिकनानं पहिल्या घासाला डोळे मिटले आणि आयुष्यात असं काही खाल्लं नाही म्हणून जाहीर केलं. अर्धी वाटी मात्र तशीच राहिली; त्याला गोड झेपत नव्हतं. इंग्रजानं चमचा उलटसुलट करून बघितला, खाल्ला, जरा वेळानं म्हणाला, "यात मला आक्षेपार्ह काही सापडलं नाही." आणि सांबऱ्याला विमानतळावर जाताना गाडी वळवायला लावून दोन किलो बांधून घेतला.

घरी अभ्यास कसा करायचा

एकच गोष्ट दोन्ही देशांनी केलेली बघा. 'द ऑफिस' ही मालिका बीबीसीवर २००१ मध्ये सुरू झाली. दोन सीझन, प्रत्येकी सहा भाग, आणि २००३ च्या ख्रिसमसला दोन भागांत शेवट. अमेरिकेत एनबीसीनं ती २००५ मध्ये घेतली आणि २०१३ पर्यंत २०१ भाग केले. दोन्हीकडं कागद विकणारी कंपनी, दोन्हीकडं स्वतःला फार विनोदी समजणारा साहेब. अमेरिकेतला पहिला भाग तर जवळजवळ इंग्लिश भागावरूनच उचललेला आहे. तो आधी इंग्लिश, मग अमेरिकन असा बघा. नंतर अमेरिकेतल्या दुसऱ्या सीझनवर उडी मारा. तिथं त्यांचा साहेब मायकल स्कॉट बदललेला दिसेल. मूर्ख आहेच, पण आता मनानं चांगला, कधी कधी काम जमणारा. इंग्लिश डेव्हिड ब्रेंटला ही सूट जवळजवळ शेवटच्या भागापर्यंत मिळत नाही.

असं का, याचं उत्तर 'स्वभाव' म्हणून लोक देतात. मला ते अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं हिशेबाचं आहे. इंग्लंडात एक-दोन लेखक मिळून सहा भाग लिहितात आणि थांबतात. 'फॉल्टी टॉवर्स'चे दोन सीझन, १९७५ आणि १९७९ मधले, मिळून भाग किती? १२. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ दोघांनी लिहिलेले. एवढ्या वेळात हॉटेलवाला बेसिल कितीही चिडका, कितीही अपयशी असला तरी प्रेक्षक सोसतो, त्याची फजिती बघून खूश होतो. अमेरिकेत खोलीभर लेखक बसवून वर्षाला वीस-बावीस भाग काढायचे. 'फ्रेंड्स'चे दहा सीझनमध्ये २३६ झाले. इतकी वर्षं दर आठवड्याला ज्याला घरात घ्यायचं तो माणूस प्रेक्षकाला आवडायलाच हवा. बेसिलला अमेरिकन करायचा प्रयत्न तिथं तीनदा झाला, एकदाही टिकला नाही.

या हिशेबाचा कॉलवर उपयोग आहे. अमेरिकनाला किस्सा सांगाल तर त्याच्या शेवटी काहीतरी जमलं पाहिजे: कंटेनर उशिरा निघाला, पण पोचला. इंग्रजाला तोच किस्सा कंटेनर चोर्ला घाटात अडकला तिथंच संपवा.

'येस मिनिस्टर' ही इंग्लिश मालिका (१९८० पासून) मात्र आपल्या भागातल्या माणसानं बघितलीच पाहिजे. तिच्यावरून हिंदीत केलेली फारुख शेख यांची 'जी मंत्रीजी' ज्यांना आठवते त्यांना कल्पना असेल. त्यातले मंत्र्याचे सचिव सर हम्फ्री कधीच 'नाही' म्हणत नाहीत. मंत्र्याचा निर्णय हाणून पाडायचा असेल तर त्याला फक्त 'धाडसी' म्हणतात, आणि मंत्र्याला घाम फुटतो. आपल्या सीमाप्रश्नावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सुप्रीम कोर्टातला दावा आणि दोन राज्यांच्या समित्या-उपसमित्या ज्यांनी घरातल्या चहाबरोबर ऐकल्या, त्यांना सरकारी सभ्य वाक्यातला खरा अर्थ काढायची सवय पुणे-मुंबईवाल्यांपेक्षा जास्त असते. ती सवय इथं वापरा.

भाग बघताना इंग्रजी सबटायटल लावा. बर्मिंगहॅमकडचे उच्चार नुसत्या कानानं पकडायला वेळ जातो, आणि चेष्टा वाक्याच्या शेपटीत असते.

काय करू नये

कुणाच्याच उच्चारांची नक्कल करू नका. इंग्लंडात उच्चारावरून घराणं, शाळा, पगार सगळं कळतं, त्यामुळं तुम्हाला गंमत वाटते तिथं त्याला घाव लागतो. राजघराण्याची टर तो उडवील, तुम्ही नुसतं ऐका. अमेरिकनासमोर त्यांच्या सैनिकांवर आणि झेंड्यावर चकार शब्द नको. वंश, धर्म, बायका यांवरचे फॉरवर्ड दोघांनाही नाहीत; अमेरिकन कंपनीत तर तो थेट एचआरचा विषय होतो. आणि न कळलेल्या विनोदाला मोठ्यानं हसू नका. कळलं नाही तर अमेरिकनाला सरळ विचारा, तो आनंदानं समजावून सांगतो. इंग्रजाला विचारू नका. त्याला समजावून सांगायला लावणं म्हणजे त्याचा दिवस घालवणं. 'असं होय' म्हणा आणि पुढच्या मुद्द्यावर जा.

हे सगळं रक्तात असतं असंही धरून चालू नका. अमेरिकन लेखक मार्क ट्वेननं १८९५ मध्ये गोष्ट कशी सांगावी यावर एक निबंध लिहिला, त्यात नेमकं उलटं आहे. त्याच्या मते चेहरा कोरा ठेवून, आपण काही गमतीचं बोलतोय हे आपल्या गावीही नाही अशा थाटात सांगणं ही अमेरिकन कला. आणि विनोदाची जागा ओरडून दाखवणारा, हशा वसूल करणारा तो इंग्रज. आजही न्यूयॉर्कचा कोरडा माणूस लंडनच्या माणसाला भारी पडतो. म्हणून पहिल्या दोन-तीन कॉलला फक्त ऐका. तो थांबून हशाची वाट बघतो का, की बोलून कागदाकडं बघायला लागतो? पासपोर्टपेक्षा ही खूण भरवशाची.

राहिलं व्हॉट्सॲप. अमेरिकनाला हसरा चेहरा, अंगठा, टाळ्या, काय हवं ते पाठवा, तो दुप्पट पाठवेल. इंग्रजानं स्वतःहून पाठवेपर्यंत त्याला एकही पाठवू नका, आणि त्यानं चेष्टा केली असेल तर त्यावर तर अजिबात नको. त्याला तेवढ्याच कोरड्या तोंडाची एक ओळ लिहा, आणि तिच्याखाली डिस्पॅचची तारीख टाका.